कुंदाच्या काखेतली गाठ

गुरु. १२ एप्रिल १९६२. पोलादपूर
कुंदाला गेल्या आठवड्यात देवी टोचल्या. दंडावरचा फोड छान भरलाय. आज अंग कढत, काखेत सुपारीएवढी गाठ, अवधाण. हात लावू देत नाही माझी पोर. देवी घरात आली म्हणून सासूबाईंनी फोडणी बंद केली. ठीक. बिनफोडणीची आमटी गिळते मी. पण गाठीवर तापल्या बिब्ब्याचा डाग? ते जमणार नाही.

शुक्र. १३
सा.बाई म्हणतात, टोचल्याचं विख काखेत साठलंय, डाग दिला की जिरेल. ह्यांनाही लहानपणी दिला होता. "धडधाकट हाय ना तुझा नवरा?"
समजावलं. लस दंडातून काखेतल्या गाठीत पोचते. तिथल्या पेशी तिला ओळखतात, वाढतात, तिच्यावरचा उतारा तयार करून रक्तात सोडतात. तीच प्रतिद्रव्यं. पाणथरीतही, म्हणजे प्लीहेतही, हेच चालतं. गाठ कामाला लागली म्हणून सुजली. अकरावीच्या मुलांना पटतं हे.
"पाणथरीचं मला सांगतेस?" पदर सारून पोटावरचा जुना डाग दाखवला. हिवतापात दिलेला, चांगला रुपयाएवढा.
तरी नाही म्हणजे नाही.

शनि. १४
शाळेत परीक्षा चालू, तरी रजा टाकली. मी उंबरा ओलांडला की डाग पडलाच समजा. दुपारी चुलीपाशी सुईला टोचलेला बिब्बा दिसला. उचलला आणि परसात भिरकावला. सा.बाई बघत होत्या. बघू देत.

रवि. १५
काल हाताने उचललेला बिब्बा बोटांवर उतला. फोड, आग आग. संध्याकाळी पाहते तर माझ्याही काखेत अवधाण! सा.बाईंनी नारळाचं दूध काढून बोटांना लावलं, तोंडाने बडबड चालूच.
"आता तुला देऊ काय गो डाग?"
"द्या. माझ्या काखेत द्या. कुंदाला नाही."
बराच वेळ माझा हात धरून बसल्या.

सोम. १६
हे काल महाडहून आले. आईचं ऐकलं, माझं ऐकलं, आज पहिल्या एस.टी.ने परत कोर्टात. संताप होतो नुसता.
कुंदाचा ताप आहेच. गाठ तेवढीच. भीती वाटते, लिहून ठेवते. सा.बाईंनी नवा बिब्बा आणवला, मला दिसेल असा वळचणीला खोचला. "उद्यापावेतो थांबते," म्हणाल्या.
थांबा. मी कुठे जात नाही. कुंदा मांडीवर झोपलीय, आत गाठीचं काम चालू असणार. चालू दे बाई.
उद्याही रजा.