दंडाचा पट्टा

तीर्थरूप आईस, लेकीचा नमस्कार.

मी मजेत आहे, जेवण वेळेवर होतं.

आमच्या आरोग्य केंद्रात आता कुणी कशासाठीही येवो, सगळी तपासणी एकाच खोलीत होते, सोबत आलेल्यांचीसुद्धा. लोकांना यात काहीतरी काळंबेरं वाटतं. परवा नातवाला लस द्यायला घेऊन आलेली आजी माझ्यावर खेकसली, "सुई त्याला टोचायची, मग पट्टा माझ्या दंडाला कशाला? मी ठणठणीत आहे." रक्तदाब इतका निघाला की डॉक्टरांनी तिला घरी सोडलंच नाही.

तेव्हापासून मला तुझाच संशय येतोय. फोनवर तूही ठणठणीतच असतेस, पण बोलता बोलता दम का लागतो? बाबांना विचारावं तर ते घाईघाईने फोन तुझ्या हातात देतात. दोघं मिळून काय लपवताय?

उद्याच तिकडच्या आरोग्य केंद्रात जाऊन रक्तदाब तपासून ये. आकडा मात्र तिथल्या नर्सलाच फोनवर सांगू दे, तू सांगू नकोस.

तुझ्या शब्दावर विश्वास न उरलेली,
तुझी लेक