चांदू पळाला नव्हता

मी, कमल गुरुदत्त विजयकर, वय ७६, राहणार सुखनिवास, तळमजला, हिंदमाताजवळ, दादर, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाविना हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. आधीचं मृत्युपत्र रद्द समजावं.

१. राहती जागा व बँकेतील ठेव मुलगा देवदत्त याला.

२. माझ्या पाटल्या नात ऋग्वेदा हिला. मोडून नव्या घडवू नयेत.

३. यजमानांची कुत्र्यांची वही व त्यांनी काढलेलं कुत्र्याचं चित्र माझी धाकटी बहीण बेबी राजाराम कोठारे, राहणार नायगाव, हिला. याचं कारण लिहिणं भाग आहे.

यजमान महापालिकेत आरेखक होते. त्यांना कुत्र्याची नवी जात तयार करायची होती. आखूड केसांची, उकाडा सोसणारी, दोन खोल्यांत शांत राहणारी. दर रविवारी बेबी यायची आणि कोणत्या मादीला कोणता नर दाखवायचा, हे दोघं परसात बसून ठरवायची. त्यांच्यात वावगं काही नव्हतं. पण मला फक्त चहाचं विचारायचे.

एकदा मी हट्टाने परळच्या एका गृहस्थांचा तांबूस नर निवडला. पिल्लं देखणी झाली, पण येणाऱ्याजाणाऱ्याला चावायची. बेबी म्हणाली, "ताई, कान मात्र छान आलेत हो." ते मी अजून विसरलेले नाही.

पुढे बेबीने नायगावातला एक रस्त्यावरचा कुत्रा आणला, चांदू. मी म्हटलं, "याच्यात काय पाहिलंस?"

"याच्या ताटलीत दुसऱ्याने तोंड घातलं तरी हा बाजूला सरून बसतो. भावोजी, हाच घ्या."

यजमानांनी लगेच वहीत नाव लिहिलं. माझं कधी इतक्या लवकर ऐकलं नव्हतं.

२०१० साली, चांदूची जोडी लावायच्या आदल्या दिवशी, मी त्याला टेम्पोवाल्या सीतारामबरोबर देवगडला पाठवून दिलं. यजमानांना सांगितलं, "बेबी शेवटची गेली. फाटक उघडंच होतं."

बेबी आठवडाभर नायगावच्या गल्ल्यांतून त्याला हाका मारत फिरली. यजमान तिला टाकून बोलले नाहीत, पण रविवारचं बोलावणं बंद झालं. मला तेच हवं होतं. दुसरा नर नव्हता म्हणून त्यांनी सख्ख्या भावंडांची जोडी लावली. पाचांपैकी तीन पिल्लांना झटके यायचे. त्यानंतर वही मिटली.

२०१६ साली सीताराम भेटला. म्हणाला, "वहिनी, तुमच्या कुत्र्याची पिल्लं वाडीभर झालीत. उगाच भुंकत नाहीत." यजमान तेव्हा हयात होते. सांगितलं असतं तर बेबीची निवड बरोबर ठरली असती. मी सांगितलं नाही. तीन वर्षांनी ते गेले.

फाटक मी उघडलं होतं, बेबीने नव्हे. सीतारामचा पत्ता वहीत ठेवला आहे.

४. यजमानांचा परसातला फोटो, ज्यात बेबीही आहे, माझ्याबरोबर चितेवर ठेवावा. तो तिला देववत नाही.

साक्षीदार म्हणून सही करायला बेबी आपणहून तयार झाली होती. वकिलांनी सांगितलं, ज्याला काही मिळायचं आहे त्याने सही करू नये. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "ताई, मला कशाला काही? तू मला पुन्हा बोलावतेस, तेवढं पुरे आहे." मी तिला चहा करून दिला. सांगणं झालं नाही.

ठिकाण: दादर, मुंबई
दिनांक: १४ मार्च २०२४

कमल गुरुदत्त विजयकर (सही)

आमच्यासमोर सही झाली:
१. हर्षवर्धन मोरेश्वर राणे
२. आकांक्षा हितेंद्र तळपदे