बर्फावरच्या गाडीचा क्लच

आई, गेल्या आठवड्यात दुकानात दुरुस्तीला बर्फावर चालणारी गाडी आली. इंदुरात कसला बर्फ, म्हणशील. सांवेरच्या एका माणसाने सोयाबीनच्या शेताला लागून बर्फाचा पार्क काढलाय, थंडगार हॉलमध्ये पोरांनी घसरायचं. तिथे चालवायला त्याने ही जुनी गाडी पहाडातून लिलावात घेतली. पुढे चाकांऐवजी दोन पट्ट्या, मागे रबराचा रुंद पट्टा. अन्नपूर्णेच्या मंदिराजवळच्या आपल्या गल्लीत लोक फोटो काढायला जमले. इंजिन ठीक होतं, पण आतलं तेल अडवणारं सील बदलायला क्लच काढावा लागणार, आणि तो शाफ्टवर असा धरून बसला होता की जणू एकाच लोखंडातून ओतलाय. दोन दिवस तेल सोडलं, खेचून काढायचा पुलर लावून कसला. जागचा हलला नाही. तिसऱ्या दिवशी गाडीचा मालक म्हणाला, "भिया, कटर से काट दो." कापला तर नवा मिळणार कुठे? गाडी कायमची भंगार. मी हातोडी उचलली आणि तशीच खाली ठेवली, कारण मला एकदम आपलं स्वयंपाकघर आठवलं.

रविवार आहे. मामा जेवायला यायचेत आणि तुझं एक पातेलं दुसऱ्यात अडकून बसलंय. मी हातोडी आणून दोन ठोके घालतो, काठ चेपतो. ते आजीने तुला दिलेलं पातेलं. तू हातोडी काढून घेतेस, ओरडत नाहीस. परातीत उकळतं पाणी ओतून त्यात दोन्ही पातेली ठेवतेस, आतल्यात माठातलं गार पाणी भरतेस आणि म्हणतेस, "बाहेरचं फुगू दे, आतलं आक्रसू दे. तोवर हात लावू नकोस." मग माझ्या काळ्या नखांकडे बघतेस. कॉलेज सोडून मी राजवाड्यामागच्या गॅरेजमध्ये जायला लागून दोन महिने झालेले, घरात कुणाला पत्ता नाही. तू विचारतेस, मी हो म्हणतो. "होळकरांच्या दरबारात कागद लिहिणाऱ्यांचं घर हे," तू म्हणालीस, "आणि तू ग्रीस पुसणार." तेवढ्यात पातेली सुटली. तू आतलं उचलून वरण चढवलंस आणि त्या दिवशी माझ्याशी पुन्हा बोलली नाहीस.

दुसऱ्या दिवसापासून मात्र नळापाशी वाटीत बेसन आणि तेल कालवून ठेवलेलं असायचं. साबणाने ग्रीस जात नाही हे तुला कसं माहीत, मी विचारलं नाही, तू सांगितलं नाहीस. नातेवाइकांना तू म्हणायचीस, मुलगा इंजिनियरिंगच्या कामात आहे. पुढे मी स्वतःचं दुकान टाकलं, तू कधी पायरी चढली नाहीस. मंदिरात जाताना समोरच्या फुटपाथवरून जायचीस. तुझी मान वळायची, पाय थांबायचे नाहीत. मला राग यायचा. तुला जाऊन आता बावीस वर्षं झाली, तर राग आठवतो, येत नाही.

तर मी शेजारच्या चहावाल्याकडून उकळत्या पाण्याची किटली मागवली. पुलर कसून ठेवला, क्लचवर हळूहळू धार धरली, आणि स्टुलावर बसून राहिलो. मालक म्हणाला, "इससे क्या होगा?" मी म्हटलं, "रुको दो मिनट." दुसरी किटली संपत आली तेव्हा आतून ठक्क असा आवाज झाला आणि क्लच माझ्या मांडीवर येऊन पडला. शाफ्टला ओरखडासुद्धा नाही. काल गाडी सुरू झाली, मालक घेऊन गेला.

हे कामाच्या कार्डाच्या पाठीवर लिहितोय. टाकणार कुठे, टेबलाच्या दराजातच राहील. पण एक सांगायचं राहिलं. क्लच निघाल्यावर मालकाने विचारलं होतं, "किसने सिखाया, भिया?" मी म्हणालो, "हमारे उस्ताद थे, राजवाड़े पे." आई, उस्ताद तर प्रत्येक वेळी हातोडीच मारायचे.