टाचेची जखम

प्रिय बाबा,

ऑकलंडहून लुपेचा नमस्कार. मी मजेत आहे, थंडी तेवढी फार आहे. आईचा गुडघा कसा आहे?

तुमच्या टाचेला जखम झालीय, हे ती फोनवर चुकून बोलून गेली. तुम्ही म्हणे पाला बांधून पुन्हा अनवाणीच समुद्रात उतरलात. आणि मी पाठवलेले बूट पाद्रीबाबांना देऊन टाकलेत! काय बोलावं तुम्हाला?

गेल्या आठवड्यात आमच्या दवाखान्यात फेतू आजोबा आले. तुमच्यासारखीच साखर. पायाच्या अंगठ्याखाली खिळा रुतलेला आणि त्यांना पत्ताच नाही. मी वरचा घट्टा खरवडला, तर खाली सगळा पू. शेवटी डॉक्टरांनी अंगठा काढला.

"आधी का नाही आलात?" मी ओरडलेच.

"दुखत नव्हतं गं, पोरी."

साखरेने पाय बधिर होतो, बाबा! मग दुखणार कसं?

नंतर ते हळूच म्हणाले, "माझ्या लेकीला तूच सांग. मला धीर होत नाही."

मीच फोन केला. ती कितीतरी वेळ नुसती रडत होती.

सोमवारच्या बसने आपिया शहरातल्या मोठ्या दवाखान्यात जा. असा फोन मला यायला नको.

तुमच्यावर चिडलेली,
लुपे