सतरा नंबरची बाई

१२ फेब्रुवारी, बुधवार

सतरा नंबर बिघडली.

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्याजवळची कबर, चौदाशे वर्षांपूर्वीची. बाई, पस्तिशीची, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. माझ्या पीएचडीच्या बावीस माणसांपैकी ही सतरावी. तिच्या कानामागच्या हाडाची पूड मी नोव्हेंबरात स्वतःच्या हाताने काढली. आज निकाल आला — बाई बरीचशी इथल्या उत्तर जर्मन किनाऱ्यावरच्या लोकांसारखी, आणि बाकीची चक्क दक्षिण आशियाई!

लॅबमधला निहार खुर्चीतून उठलाच. "सॅक्सन लोकांच्या कबरस्तानात देसी बाई! मैत्री, तू फेमस झालीस!"

वीबके उठली नाही. ती आमची बॉस, पण इथे बॉसलाही नावानेच हाक मारतात. तिने एक आलेख उघडला. जुना डीएनए टोकांना झिजलेला असतो. हे दक्षिण आशियाई तुकडे ठणठणीत होते. म्हणजे ताजे. म्हणजे हाडात नंतर मिसळलेले — आजच्या कुणाचे तरी.

"आणि बाईचे," ती म्हणाली. पुरुषाचं गुणसूत्र त्यात कुठेच नाही.

क्लीन रूममध्ये जाणाऱ्यांत भारतीय बाई मी एकटी. संशय कुणावर, हे सांगायची गरजच नव्हती.

१३ फेब्रुवारी

दोन मास्क, हातमोज्यांचे तीन जोड, डोळ्यांवर चष्मा, अंगभर पांढरा झगा. मी चुकले नाही.

चुकले असेन का?

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

वीबकेने बोलावलं. दार बंद केलं नाही, ते बरं वाटलं.

"आल्झो," म्हणजे 'तर मग'. "यादीत तुझा नमुना नाही."

लॅबमध्ये येणारा प्रत्येक जण गालातून कापूसकाडी फिरवून देतो. पुढे हाडात कुणाचं काही सांडलं तर लगेच कळावं म्हणून. मी आठ महिने "पुढच्या आठवड्यात देते" म्हणतेय. फॉर्मवर ठळक लिहिलंय — फ्रायविलिग, म्हणजे स्वखुशीने. पण काडी दिल्याशिवाय क्लीन रूम बंद, असंही ती म्हणाली. स्वखुशी इथलीही तशीच!

माझी पाच हाडं अजून राहिलीत. ती झाली नाहीत तर प्रबंध नाही, आणि करार सप्टेंबरला संपतो. काडी दिली आणि ती घाण माझीच निघाली, तर ही हाडं दुसऱ्याच्या हातात जातील. म्यूझियमने त्या बाईचं एकच हाड दिलं होतं, पूडही संपली. चौदाशे वर्षं टिकली, आणि माझ्या टेबलावर बिघडली.

वीबके शांत होती. ओरडली असती तर भांडता तरी आलं असतं.

१६ फेब्रुवारी, रविवार

का देत नाही मी? इथे तरी खरं लिहावं.

निहारने पहिल्याच दिवशी दिली. यादीत त्याचा नंबर बराच वर आहे. बापाकडचा वंश त्याने कॉफीच्या मगावर छापून घेतलाय. "ज्या गवताळ प्रदेशातून लोक ब्रिटन-आयर्लंडला गेले ना, त्यांचेच भाऊबंद आपल्याकडे आले. मी आणि आयरिश, चुलत!" 'आपल्याकडे' म्हणजे कुणाकडे, हे विचारलं तर त्याला वाईट वाटेल. म्हणून मी एवढंच म्हटलं, की ते ब्रिटनला पोचल्यावर तिथली जुनी वंशावळ नव्वद टक्के पुसली गेली. तर म्हणतो, "सायन्स आहे गं. मनाला लावून घेऊ नकोस."

माणूस वाईट नाही. मला ताप आला तेव्हा खिचडी घेऊन दोन बस बदलून आला होता.

तो पुण्याचा, पण मूळ गाव खडकगव्हाण, बार्शीकडचं. आमचंही तेच! कळलं तेव्हा किती खूश झाला — "अगं, आपण गाववाले!" त्याच्या पणजोबांकडे गावचं कुलकर्णीपण. माझी पणजी, म्हणजे आजीची आई, त्यांच्या शेतावर राबायची, आजी तिथेच जन्मली. हे मी त्याला सांगितलं नाही. सांगून त्याने काय करायचं होतं?

आम्ही कोण, हे पिढ्यानपिढ्या दुसऱ्यांनीच ठरवलं. छप्पन साली घराने धर्म बदलला, मग गावही सोडलं. आता मी आपण होऊन तोंड उघडायचं आणि विचारायचं, सांगा बुवा, मी किती टक्के कोण? मला राग येतो. हा शास्त्रीय मुद्दा नाही, ठाऊक आहे.

१९ फेब्रुवारी

लहानपणी वाटायचं, इंग्रज म्हणजे एकच काहीतरी. आधी शिकारी. मग तुर्कस्तानाकडून सरकत आलेले शेतकरी. त्यांच्यावर गवताळ प्रदेशवाले. मग रोमन, मग इथून होड्या भरून गेलेले सॅक्सन, मग नॉर्वे-डेन्मार्कचे लुटारू, मग नॉर्मन. सगळे बाहेरचे! आणि आपल्यावर दीडशे वर्षं राज्य करताना रुबाब काय तो.

२३ फेब्रुवारी, रविवार. बॉबलिंगेन

दादाकडे आले. सुगतदादाच्या घरी आलं की मी भांडीही घासत नाही. दुपारी सोलापूरला व्हिडिओ कॉल लावला. आजी, म्हणजे बाबांची आई, चौऱ्याऐंशीची आहे. मी सहज सांगितलं, लॅबला माझी तपासणी करायचीय, कुठल्या रक्ताची ते बघायला.

"रगत देनार?"

"थुंकी गं, आजी. गालातली."

"येकच ते. देऊ नगं."

"अगं, दुखत नाही."

"नगं म्हनते ना!" आणि फोन ठेवला. आजीने, आमच्या कमलाबाईंनी! एरवी तीनदा निरोप घेतल्याशिवाय न सोडणारी बाई.

दादा हसला. "म्हातारपण. तू दे आणि मोकळी हो. नोकरी महत्त्वाची."

परतीच्या गाडीत मला वाटत राहिलं, आजीने कधीच कशाला नाही म्हटलेलं नाही. परदेशी जायलासुद्धा!

२६ फेब्रुवारी, बुधवार

वाचनगट. आज आइसलँड. पहिल्या वस्तीतल्या पुरुषांची बाजू बहुतेक नॉर्वेची, बायकांची बाजू निम्म्याहून जास्त आयर्लंड-स्कॉटलंडची. लेखात शब्द आहे — मिश्रण. कसा इस्त्री केलेला शब्द! त्या आयरिश बायका होडीत कशा चढल्या, त्याला आकडा नाही.

मी तसं विचारलं. वीबके म्हणाली, "हाडं कोण कुणाचं ते सांगतात. राजीखुशीने की कसं, ते नाही सांगत."

निहार म्हणाला, "काही लग्नंही झाली असतील ना?"

असतील.

४ मार्च, मंगळवार

दिली.

वीबकेने स्वतः काडी फाडून हातात दिली. एक गाल, दुसरा गाल. तीस सेकंदही नाहीत. ती म्हणाली, धन्यवाद. मी म्हटलं, बिट्टे.

काहीच वाटलं नाही. मग खाली सायकलचं कुलूप काढताना रडू आलं. आजीचं ऐकलं नाही म्हणून असेल. टिश्यू नव्हता, हातमोज्याला नाक पुसलं.

७ मार्च

निकाल नाही. आजी फोनवर येत नाही. आई म्हणते, झोपलीय.

११ मार्च

निकाल नाही. निहार माझ्या टेबलाशी येऊन हळू बोलतो, घरात कुणी आजारी असल्यासारखा. आजी आजही झोपलीय.

१९ मार्च, बुधवार

माझी नाही!!

माझी नाही, माझी नाही. वीबकेने तीनदा तपासलं. डीएनए जुळतच नाही.

आणि खरी मालकीणही सापडली. म्यूझियमने कळवलं की बारा वर्षांपूर्वी ही हाडं एका स्वयंसेविकेने धुतली होती — बिल्किस बेगम, जन्म सिल्हेट, म्यूझियमच्या गावात चाळीस वर्षं. वीबकेने गेल्या महिन्यातच गुपचूप तिलाही काडी पाठवली होती. बाईने ती आली त्याच दिवशी परत धाडली, सोबत चिठ्ठी: हातमोज्यांत घाम येतो हो, माफ करा. तंतोतंत जुळली! म्हणजे सतरा नंबरमध्ये सापडली ती ब्रिटिश बाईच. फक्त अलीकडची.

म्यूझियम आता कबरीतल्या बाईचा एक दात पाठवतंय. उद्यापासून मला क्लीन रूम उघडी.

वीबकेने माफी मागितली. मीही मागायला हवी होती. गेला महिनाभर मनातल्या मनात मी तिला काय काय म्हटलंय! तिने माझ्याइतकाच दुसरीवरही संशय घेतला होता, आणि मला ते कळलंही नाही. मी नुसतीच धुमसत होते. निहारने केक आणला, वर क्रीमने लिहून घेतलेलं — गाववाली सुटली. बेकरीवाल्या जर्मन बाईने देवनागरीचं जे काय केलंय! दोन तुकडे खाल्ले. किती दिवसांनी भूक लागली.

२१ मार्च, शुक्रवार

यादीत नवा माणूस आला की संगणक त्याला सगळ्यांशी ताडून बघतो. वीबके हसत हसत दारात आली. "तू आणि निहार नातेवाईक आहात, हे आधी का नाही सांगितलंत? तशी नोंद करावी लागते!"

निहारही हसला. "सगळे भारतीय एकमेकांचे चुलत."

मी तक्ता उघडला. आम्हा दोघांत सारखे असे लांबच लांब, सलग तुकडे. हिशेब एकाच माणसापाशी थांबतो. निहारचे कुलकर्णी पणजोबा.

सोलापूरला फोन लावला. आईला म्हटलं, झोपली असेल तर उठव. आजी आली. मी गावाचं आणि त्या घराचं नाव घेतलं, एवढंच. तिने आधी आईला खोलीबाहेर धाडलं.

मग म्हणाली, "माज्या आईला नावं ठिवू नगं, बाळा."