शिलाई आपोआप बसते

६ जानेवारी, सकाळी ७.१०
निवृत्तीचा सहावा दिवस. पाटबंधारे खात्यात तेहतीस वर्षं फाइलींना दाभणाने टाके घातले, म्हणजे हात तयारच आहे. आजपासून शिवणकाम. सरोजिनीचं पायमशीन हॉलमध्ये खिडकीपाशी आणलं. तिला म्हटलं, तू हल्ली फारसं शिवत नाहीस. ती म्हणाली, शिवते की. मी म्हटलं, तेच, फारसं नाही.
संकल्प : रोज चार तास शिवण. महिन्याभरात ब्लाउज, दोन महिन्यांत कोट. दुपारची झोप कायमची बंद.

दुपारी ४.१५
झोप लागली. पहिलाच दिवस आहे.

८ जानेवारी
उशीचा अभ्रा शिवला. एक बाजू दीड इंच लांब निघाली. दुकानदाराने कापड सरळ फाडून दिलं नव्हतं. माझा स्वभाव भोळा, मी पाहिलं नाही. शिलाईही वळणं घेत गेली, पण तो मशीनचा दोष. सत्तावीस वर्षांचं मशीन आहे, नव्या माणसाला सहकार्य करत नाही. ऑफिसात असे पुष्कळ पाहिले. वैतागून अभ्रा घडी करून ठेवला आणि पाच मिनिटं आडवा झालो.
उठलो तेव्हा साडेचार वाजले होते. अभ्रा उघडला तर चारी बाजू सारख्या. शिलाई सरळ.

९ जानेवारी
रात्रभर विचार केला. उलगडा झाला. मशीनमधून निघालेला धागा ताणलेला असतो. कपडा घडी करून ठेवला, की धागा सैलावतो आणि आपापल्या जागी जाऊन बसतो. शिवणाच्या क्लासमध्ये हे कुणी सांगत नाही.
आमच्या उर्वीने पुण्याहून मला ‘सुई-दोरा मंडळी’ या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये घातलं. एकूण ६२ सदस्य, ५९ बायका. लगेच लिहिलं. आजची टीप : शिवलेला कपडा घडी करून एक दुपार ठेवावा. शिलाई आपोआप बसते. – वेणीमाधव, जुळे सोलापूर.
सतरा अंगठे आले. उर्वीने हसरा चेहरा पाठवला. मुलीला बापाचा अभिमान असतो.

१० जानेवारी
सरोजिनीने तिची कात्री दिली. पितळी मुठीची, तिच्या आईची. एकच अट घातली, कापडाशिवाय कशालाही लावायची नाही, कागदाला तर मुळीच नाही, धार जाते. मी म्हटलं, हे मला सांगायची गरज नाही. घरात इतरांना कळावं म्हणून मुठीला चिठ्ठी बांधली, ‘फक्त कापड’. जाड कागद होता, पण या कात्रीने चिठ्ठी सुरेख कापली गेली.

१४ जानेवारी
समोरच्या रत्नम्मांचं ब्लाउज शिवायला घेतलं. त्यांनी आग्रह केला नव्हता, पण त्यांच्या मनात होतं. आधी वर्तमानपत्रावर आकृती काढून कापायची, मग ती कापडावर ठेवायची, ही शिस्तीची पद्धत. चार पानं लागली.
शिवून झालं. दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या निघाल्या. कापड दोन्हीकडून सारखं दिसतं, त्याने फसवलं. घडी करून ठेवलं.

संध्याकाळी
एक बाही डावी, एक उजवी. दुपारी दोन्ही डाव्या वाटल्या होत्या. चष्म्याचा नंबर बदलला असणार.
रत्नम्मा घालून दाखवायला आल्या. मुंढ्यात कुठे चुणी नाही. त्या सरोजिनीकडे बघून म्हणाल्या, लई झ्याक बसलंय की. मी म्हटलं, बसतं. थोडा वेळ द्यावा लागतो.

१९ जानेवारी
उर्वीला मुलगी झाली. दुसरं बाळंतपण, म्हणून पुण्याला सासरीच. दोघी खुशाल. बारसं ९ फेब्रुवारीला.
फोनवर सगळ्यांच्या देखत जाहीर केलं, आजोळची कुंची मी शिवणार. पलीकडे शांतता झाली. आनंदाने बोलता येत नाही माणसाला. मग जावई राजसराव म्हणाले, आईंना विचारलंत का?

२१ जानेवारी
सरोजिनीने कपाटातून तिचा लग्नातला शालू काढला. अडतीस वर्षांत घड्यांवर विरला आहे. पदराजवळ एकच तुकडा धड आहे, तेवढ्यात कुंची बसेल. तिच्या आईनेही उर्वीची कुंची आपल्या शालूची शिवली होती, याच कात्रीने. सरोजिनी तुकड्यावरून बराच वेळ हात फिरवत राहिली. म्हणाली, रेशमाला सुईचं भोक पडलं की राहतं, दुसरा तुकडा नाही, आपण दोघं मिळून करू. मी म्हटलं, तू आता विश्रांती घे.

२४ जानेवारी
कात्री चालेना. साध्या मांजरपाटावर सराव करत होतो, कापड पात्यांत मुडपायला लागलं. दोन आठवड्यांपूर्वी लोण्यासारखी चालत होती.
दारावर धार लावणारा सिद्धाप्पा आला. धार लावण्याआधी पात्यावरून अंगठा फिरवून म्हणाला, मालक, ह्येनं कागद कापलाय. थोडाथोडका न्हाय, लई कापलाय.
मी सुन्न झालो. म्हणजे माझ्या पाठीमागे या घरात कुणीतरी.

२५ जानेवारी
घरात माणसं दोन. त्यांतला एक मी.
पुरावा : सरोजिनी पुरवणीतल्या पाककृती कापून वहीत चिकटवते. तेहतीस वर्षं चौकशीचे अहवाल टाइप केलेत, मला शिकवायला नको. रत्नम्मा चहाला बसल्या होत्या, त्यांच्यासमोरच स्पष्ट विचारलं. म्हटलं, स्वतःच्या आईच्या कात्रीशी असं वागवतं तरी कसं? विश्वास ठेवायचा कुणावर?
सरोजिनी कप उचलून आत गेली. रत्नम्मा माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांनाही धक्का बसला असावा.

२६ जानेवारी
सरोजिनी माहेरी केमला गेली. वहिनींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, जायचंच होतं, जरा लवकर गेली एवढंच. बारशाला तिकडूनच गाडीत चढेल. जाताना म्हणाली, डबे वरच्या फळीवर आहेत. कात्रीबद्दल अवाक्षर नाही. मीही वाढवलं नाही. मोठेपणा कुणीतरी दाखवावा लागतो.

२८ जानेवारी, सकाळी १०
कुंचीला प्रारंभ. आधी आकृती. जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं, टोपऱ्याचा गोल काढला, पाठीवरचा घोळ काढला. कात्री घेतली. करमाळा तालुक्याच्या बातमीतून अर्ध्यापर्यंत गेलो.

सकाळी १०.२०
कागद कोण कापतं ते कळलं. इथे अधिक लिहीत नाही.

सकाळी ११
तरीही एक मुद्दा राहतो. मी आकृत्या कापत असताना ती तीनदा हॉलमधून गेली. एकदा तरी बोलायला हवं होतं.

३० जानेवारी
शालूची कुंची शिवली. सकाळपासून चहाही घेतला नाही. टोपरं एका बाजूला फुगलं, दुसऱ्या बाजूला ओढलं गेलं. मान जिथे यायला हवी तिथे काठ आला. काठाची वेलबुट्टी निम्मी आत गेली. शिलाई पाहिली आणि चष्मा पुसून पुन्हा पाहिली. पण घाबरण्याचं कारण नाही. घडी केली. वर चादर घातली, जरा वजन हवं.

संध्याकाळी
बसली नाही. रेशीम आहे, वेळ लागणार.

३१ जानेवारी
बसली नाही. आणखी एक चादर घातली.

१ फेब्रुवारी
तीन चादरी. दुपारी नेहमीच्या वेळी मुद्दाम झोपलो, कारण पूर्वी प्रत्येक वेळी मी झोपलेलोच होतो, प्रयोगात बदल नको. उठून पाहिलं. फुगवटा तिथेच. शिवाय घडीची नवी सुरकुती.
ग्रुपवर विचारलं, रेशमाची शिलाई बसायला किती दिवस लागतात? एकाही बाईचं उत्तर नाही. कालपर्यंत अंगठे दाखवत होत्या.

२ फेब्रुवारी
मशीनला तेल दिलं. सुई बदलली. दिशा बदलून ठेवली, पूर्वेकडे टोपरं. काही नाही. सगळ्यांनी एकदमच साथ सोडली.

३ फेब्रुवारी
कुंची घेऊन रत्नम्मांकडे गेलो. विचारलं, तुमचं ब्लाउज त्या दुपारी किती वेळात बसलं, आठवतं का?
त्यांनी कुंची उलटसुलट केली. मग पदर तोंडाला लावला. मग म्हणाल्या, भावजी, बसा हितं. तुमी दुपारी झोपला की वैनी तुमचं शिवल्यालं समदं घेऊन माज्याकडं येत व्हत्या. उसवायच्या, आन् माज्या मशिनीवर परत शिवायच्या. तुमच्या मशिनीच्या आवाजानं तुमची झोपमोड व्हईल म्हून.
विचारलं, अभ्रा? व्हय. मधल्या आठवड्यातला परकर? व्हय. बाही? ती तर उलटी करून लावली की, तवा मीच कापड धरलं व्हतं.
मी विचारलं, मला का नाही सांगितलं. रत्नम्मा म्हणाल्या, मी म्हनलं व्हतं सांगा म्हून. वैनी म्हनल्या, ऑफिस सुटल्यापासून पैल्यांदाच हसत्यात, राहू द्या. आन् तुमी त्या बाईला कात्रीवरनं चोर केलं.
घरी आलो.

दुपारी
ही सरळ सरळ फसवणूक आहे. माझ्याच घरात, माझ्याच झोपेचा फायदा घेऊन, महिनाभर. साक्षीदारासह. ६२ लोकांसमोर मी धाग्याच्या विश्रांतीवर लिहिलं. उर्वीचा तो हसरा चेहरा आता कळला.
संकल्प : पुण्याला जायचं नाही. ग्रुप सोडायचा. मशीन माळ्यावर टाकायचं. सरोजिनीशी फक्त कामापुरतं बोलायचं.

संध्याकाळी
पोळ्या करपल्या. मशीन एकट्याने उचलत नाही.
चोर केलं हा शब्द डोक्यातून जाईना. रत्नम्मांसमोर बोललो, हे जास्त वाईट झालं. तिच्या आईची कात्री होती. फार वाईट वाटतंय. वहीत लिहायला हरकत नाही, वाचणारा मीच आहे.

४ फेब्रुवारी
केमला फोन केला. म्हटलं, कुंची बसत नाही. ती म्हणाली, माहीत आहे, रत्नम्मांचा फोन आला होता. उसवू नका, ओढू नका, तशीच आणा, बारीक सुया आणि मोरपिशी रीळ आणा. मी कात्रीचं बोलणार होतो. तिने विचारलं, जेवताय ना नीट? मग करपलेल्या पोळ्यांचंच सांगत बसलो.

५ फेब्रुवारी
सिद्धाप्पाला आवाज देऊन वर बोलावलं. पात्यावर अंगठा फिरवून म्हणाला, मालक, परत कागदच की. मी म्हटलं, हो. कोण कापतंय ते सापडलं का, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, सापडलं. त्याने धार लावून दिली.

८ फेब्रुवारी, गाडीत
सरोजिनी केमला चढली. मी खिडकीची जागा धरून ठेवली होती. गाडी सुटल्यावर मी कात्री तिच्या मांडीवर ठेवली, चिठ्ठी काढून. म्हटलं, कागद मी कापत होतो. आकृत्या. ती म्हणाली, चिठ्ठीसुद्धा. म्हणजे तेव्हापासून माहीत होतं. जेऊर येईपर्यंत मी बाहेर बघत राहिलो. मग म्हटलं, चुकलं माझं. ती म्हणाली, हं. आणि कुंची माझ्या हातात दिली.
म्हणाली, उसवा. एकेक टाका, सुईच्या टोकाने उचलायचा, दोरा तोडायचा, मग काढायचा. रेशीम ओढलं तर संपलं.
दौंडपर्यंत उसवत होतो. दोनशे अकरा टाके. माझेच. एकही सरळ नव्हता. समोरच्या बाकावरची बाई म्हणाली, काका, कुणी शिवलंय एवढं वेडंवाकडं? सरोजिनी म्हणाली, जुनं आहे.
दौंडपासून पुण्यापर्यंत तिने हाताने शिवलं. मी सुईत दोरा ओवून देत होतो. तेही तिसऱ्यांदा जमायचं.

९ फेब्रुवारी
बारसं झालं. पाळण्यात नाव ठेवलं, प्रियदर्शनी. कुंची बाळाच्या डोक्यावर नीट बसली, काठ बरोबर कपाळावर. विहीणबाईंनी विचारलं, कुणी शिवली? सरोजिनी म्हणाली, ह्यांनी. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी हात वर केला, पण हसू येईना.
उर्वीने बाळाच्या डोक्यावरून कुंची काढली आणि उलटी केली. शिवणाऱ्यांची खोड, आतली बाजू आधी बघायची. आतली हातशिलाई तिने बोटाने चाचपली. आईचा हात ती ओळखते. आता ती सगळ्यांत सांगणार, म्हणून मी पाण्याच्या तांब्याकडे वळलो.
तिने जवळ येऊन हळूच विचारलं, बाबा, आधीचं उसवलं कुणी? जुनी भोकं आहेत, पण एकही ओढलं गेलेलं नाही.
म्हटलं, मी.
म्हणाली, छान उसवलंय.

१० फेब्रुवारी, सोलापूर
दुपारी झोपलो नाही. रत्नम्मांनी उसवायला दोन ब्लाउजं पाठवली आहेत.