मेले नाही, झोपले होते

नाही हो वन्सं, मी मेले नाही. हे अक्षर माझंच आहे, खात्री करायची तर वेलांट्या बघा, चौथीत चुकायच्या तशाच अजून चुकतात. पहिली तार खोटी, दुसरी खरी. पहिली ढुंढिराज भटजींनी केली, दुसरी आमच्या वेणीमाधवनं, आणि मधल्या वेळात तुम्ही माझ्या नावानं डोक्यावरून पाणी घेतलंत म्हणे! कार्तिकातल्या थंडीत! आता खरं सांगा, रडलात किती? पदर भिजला, का नुसतं नाक ओढलंत? मी मेल्यावर माणसं कशी वागतात ते मला आता सगळं ठाऊक झालंय, तेव्हा लपवू नका.

रीत राहिलीच. सौ. प्रभावन्संना बालाजी घाटावरून अंबिकावहिनीचा नमस्कार, आणि मी वयानं मोठी म्हणून आशीर्वादही. दोन्ही ठेवून घ्या. गुडघे कसे आहेत? जावईबापूंचा खोकला गेला, का अजून साताऱ्याला जागं ठेवतो? तुमचं घोरणं तर काय, खणखणीत असणारच. (मागच्या खेपेला तुम्ही आलात तेव्हा फळीवरचे डबे सरकत पुढे आले होते, विसरले नाही मी.)

तर ऐका. झोपेनं माझ्याशी अबोला धरला, त्याला आता बरेच महिने झाले. मागच्या माघात तुमचे दादा गेले, झोपेतल्या झोपेत, कुणाला हाक न मारता. तेव्हा अख्ख्या गल्लीनं हेवा केला. काशी, त्यात माघ, त्यात झोपेत! लोक समाचाराला आले ते जवळजवळ पेढे मागायच्या तोंडानं. मी आपली मान हलवत होते. तेव्हापासून गादीला पाठ टेकली की डोळे टक्क उघडे. सुरुवातीला म्हटलं, असेल दु:ख, जाईल. मग म्हटलं, वय झालं. मग काही म्हणायचंच बंद केलं आणि आमटीत दोनदा मीठ पडायला लागलं.

आता काशीत एखाद्याला झोप येत नाही हे कळलं की प्रत्येकजण वैद्य. सूनबाई मृणालिनीनं काशाच्या वाटीनं तळपायाला तूप चोळलं. (पोरगी गुणाची आहे, पण अर्धं मराठी बोलते आणि उरलेलं हिंदी. 'आई, जरा पाय सीधा करा ना' म्हणते.) तूप चोळल्यावर मला झोप नाही आली, पण मांजर आलं आणि तळवे चाटत बसलं. मग शेजारच्या बकुळनं जायफळ सांगितलं. दुधातून घेतलं, नुसती ढेकर देत पडले. मग म्हणाली, विष्णुसहस्रनाम म्हणत पड, निम्म्यात डोळा लागेल. मी निम्म्यात थांबेन कशी? देवाचं अर्धवट सोडायचं? पुरं केलं, आणि फलश्रुतीसुद्धा म्हटली. त्यानं कुणीही माणूस चांगला तरतरीत झाला असता, मी तर झालेच. मुलगा, वेणीमाधव, म्हणत होता, अम्मा, डॉक्टरकडे चल. मी म्हणे, झोपेसाठी डॉक्टर? झोप काय दाढ आहे काढायला?

शेवटी आले ढुंढिराज. हो, तेच, तुम्ही आलात तेव्हा ज्यांनी श्राद्धाचं सगळं केलं आणि तुमचा पत्ता वहीत उतरवून घेतला ते. (तो पत्ता असा उपयोगी पडेल असं कुणाला वाटलं होतं!) म्हणाले, 'काकू, थोडी बूटी घ्या, महादेवाचा प्रसाद आहे.' बूटी म्हणजे भांग हो. इथले लोक तिला तिच्या नावानं हाक मारत नाहीत, घरच्या सुनेसारखं करतात. वाटाण्याएवढी गोळी होती. दुपारी जेवल्यावर एक घेतली. काही होईना. म्हटलं, माझ्यासारख्या जाड बाईला एका वाटाण्यानं काय व्हायचंय, दुसरीही घेतली, आणि गेले पुराणाला.

आमच्या घाटावरच्या देवळात कार्तिकभर दुपारचं पुराण असतं, ते तुम्हाला माहीत आहे. मी खांबाला टेकून बसते. पुराणिकबुवा गजेंद्रमोक्ष सांगत होते. मगरीनं पाय धरला एवढं मी ऐकलं. त्यापुढं हत्तीचं काय झालं, ते हत्तीला आणि देवाला माहीत. वन्सं, अशी झोप लागली, अशी लागली! माहेरी उसाच्या फडात लपून झोपायचे ना, तशी. तोंड उघडं, मान एका अंगाला, हात पसरलेले.

आणि इथं चूक झाली. साताऱ्यात पुराणाला बाई झोपली तर लोक तिला कोपरखळी मारतील. काशीत काय करतील? म्हातारी बाई, विधवा, कार्तिक महिना, समोर गंगा, कानावर गजेंद्रमोक्ष, आणि मान कलंडलेली. कुणाच्या डोक्यात 'झोपली असेल' हे आलंच नाही! बकुळनं म्हणे हात धरला, तो गार लागला. (कार्तिकात दगडावर बसल्यावर काय गरम लागणार?) तिनं हंबरडा फोडला. ढुंढिराजांनी माझ्या कानाला तोंड लावून मंत्र म्हटला, आणि लगेच उठून तारघराकडे पळाले. बाकी कुठल्या कामाला ते असे पळाल्याचं मी पाहिलेलं नाही.

मला जाग आली ती त्यांच्या पानाच्या वासानं. पण डोळे उघडवेनात, भांगेनं पापण्यांवर पाटा ठेवलेला. ऐकू मात्र सगळं येत होतं. आणि खरं सांगू, थोड्या वेळानं डोळे उघडले असते, पण मीच उघडले नाहीत. एवढं कौतुक मी माझ्या लग्नातसुद्धा ऐकलं नव्हतं! खालचा नाववाला वर येऊन म्हणाला, 'वाह अम्मा! क्या मौत पायी है!' कुणी म्हणालं, पुण्यवान. कुणी म्हणालं, नवरा झोपेत, बायको पुराणात, जोडा काय शोभला. पुराणिकबुवांचा तर आवाजच भरून आला, त्यांच्या कथेत माणूस तरला म्हणून. आणि बकुळ हुंदक्या-हुंदक्यातून म्हणाली, 'भाग्याची गं अंबिके... आणि माझं पुरणयंत्र तिच्याकडंच राहिलं.'

तेवढ्यात कुणीतरी तोंडात तुळशीचं पान ठेवलं आणि वर गंगाजल ओतलं. सरळ घशात! मी खोकत उठून बसले आणि पहिलं वाक्य बोलले ते असं, 'पुरणयंत्र परवाच मृणालिनीबरोबर धाडलंय, फळीवर बघ!'

वन्सं, त्यांची तोंडं तुम्ही बघायला हवी होती. आनंद? छे! पंगतीला बसवून ताट उचलून नेल्यासारखी तोंडं. नाववाला आल्या पावली खाली उतरला. बकुळ रागानं पुरणयंत्र मोजायला घरी निघून गेली. आणि पुराणिकबुवा अगदी कळवळून म्हणाले, 'अहो बाई, असा योग पुन्हा येत नसतो.' म्हणजे मी जिवंत राहून केवढा निष्काळजीपणा केला!

तोवर बँकेतून वेणीमाधव धावत आलेला, एका पायात चप्पल नाही. माझ्याकडे बघितलं आणि एवढा मोठा बाप्या पायरीवर बसून रडला. मी म्हटलं, अरे, आहे मी. तर म्हणाला, 'अम्मा, अब बहुत हो गया.' आणि दुसऱ्या दिवशी मला उचलून मोठ्या दवाखान्यात.

तिथं डॉक्टरीणबाई होत्या, माझ्या सुनेच्या वयाच्या. मी म्हटलं, देईल गोळी, जाऊ घरी. कसली गोळी! तिनं प्रश्नच सुरू केले, मुलगी दाखवायला नेल्यासारखे. चहा किती वाजेपर्यंत? दुपारी आडवं होता? घोरता? पाय वळवळतात? दिवस कसा जातो? मी आमटीचं मीठ सांगितलं, घाटाच्या पायरीवर डोळ्यांपुढं अंधारी येऊन बसकण मारली ते सांगितलं, मृणालिनीवर उगाच खेकसले तेही सांगितलं. भांगेचं ऐकून मात्र ती जी तापली! म्हणाली, कुणाची बूटी नाही, कुणाच्या उरलेल्या गोळ्या नाहीत. आणि म्हणाली, चार-दोन रात्री कुणाचीही झोप जाते अम्मा, पण आठवड्यांमागून आठवडे जायला लागले, दिवसाची कामं बिघडायला लागली, तोल जायला लागला, की यायचं. चौघांनी उचलून आणेपर्यंत थांबायचं नसतं. मी म्हटलं, मला चौघांनी जवळजवळ उचललंच होतं. हसली बिचारी.

मग तिनं पेन खाली ठेवलं आणि हळूच विचारलं, 'लेटते ही मन में क्या आता है, अम्मा?'

मी म्हटलं, 'उद्याची भाजी.'

तिनं ते लिहूनसुद्धा घेतलं नाही. म्हणाली, पुढच्या पंधरवड्यात परत या, खरं उत्तर घेऊन या, त्याशिवाय इलाज नीट होणार नाही. आणि जिच्याशी खोटं बोलत नाही असं आपलं माणूस बरोबर आणा. मुलगा नको, म्हणाली. मुलासमोर आया भाजीच सांगतात. आहे की नाही चलाख?

असो. मी मजेत आहे, काळजी नसावी. उगाच धावत येऊ नका, गुडघे सांभाळा.

तुमची (जिवंत) वहिनी,
अंबिका

ता. क. मेतकूट संपलंय. पोस्टानं पाठवू नका, डबा फुटतो. कुणी येणार असेल त्याच्याबरोबर द्या.

आणखी ता. क. येणारं कुणी नसेल तर तुम्हीच आणा. पंधरवड्याच्या आत. माझ्या शेजारीच गादी घालते. डबे पडले तर पडू देत, मी उचलीन. तुम्ही घोरा. शेजारी कुणी घोरत असलं की माणूस आहे असं कळतं.

शेवटचं. डॉक्टरीणबाईला खरं उत्तर तुमच्यासमोर देईन, पण आधी तुम्हाला सांगते, इथं कुणाला सांगायची सोय नाही. डोळे मिटले की वाटतं, तुमच्या दादांसारखे ते उघडायचेच नाहीत, आणि सकाळी सगळी गल्ली खूश होईल. मला मरायचं नाही, वन्सं. काशीतसुद्धा नाही.